सिडनीत भाड्याचं घर सोडताय? बॉन्ड पूर्ण परत कसा मिळवायचा ते सांगतो

मागच्या महिन्यात एका मुलाचा फोन आला, मूळचा नाशिकचा, वेंटवर्थव्हिलला राहायचा. म्हणाला, दादा, घर सोडून पाच आठवडे झाले, बॉन्ड, म्हणजे घराचं डिपॉझिट, अजून परत आलेला नाही, एजंट नुसतं बघतो बघतो म्हणतोय, अजून एकदा फोन करून रिक्वेस्ट करू का? मी विचारलं, तू स्वतः क्लेम टाकलास का? तर म्हणे, आपल्याला टाकता येतो? येतो ना. आणि हे त्याला दोन वर्षं इथे राहून माहीत नव्हतं, त्याच्या घरातल्या बाकी दोघांनाही माहीत नव्हतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं नीट लिहूनच काढू.

आपल्या डोक्यात पुण्या-मुंबईचं डिपॉझिट बसलेलं असतं. पैसे मालकाच्या खात्यात, सोडताना मालक म्हणणार रंगाचे एवढे कापतो, मग आपण गळ घालणार, ते थोडं सोडणार, आपण थोडं सोडणार. इथे तसं नाहीये. न्यू साउथ वेल्समध्ये बॉन्ड सरकारकडे जमा असतो, फेअर ट्रेडिंग नावाच्या खात्याकडे. एजंटकडे नाही, मालकाकडेही नाही. आणि ते पैसे तुमचे आहेत, कोणाला काही कापून हवं असेल तर ते का कापायचं हे त्याने दाखवायचं असतं. एवढी एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुढचं सगळं सोपं जातं, कारण मग आपण विनवण्या करत बसत नाही.

मी जे सांगतोय ते न्यू साउथ वेल्सचं, म्हणजे सिडनी वगैरे. मेलबर्न, ब्रिस्बेनवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

आधी बघा बॉन्ड खरंच जमा झालाय का

बॉन्ड जास्तीत जास्त ४ आठवड्यांच्या भाड्याएवढा घेता येतो. म्हणजे भाडं आठवड्याला ६५० डॉलर असेल तर २,६०० डॉलर. कोणी पाच-सहा आठवड्यांचा मागत असेल, "तुम्हाला इथली रेंटल हिस्टरी नाही ना, म्हणून" असं सांगून, तर तो चुकीचं मागतोय, नवीन आलेल्यांकडे असं मागतात.

पैसे भरायला रेंटल बॉन्ड्स ऑनलाइन नावाची सरकारी सोय आहे. एजंट तुम्हाला ईमेलवर लिंक पाठवतो आणि तुम्ही थेट सरकारकडे भरता. हेच सगळ्यात बरं. रोख किंवा ट्रान्सफरने एजंटला/मालकाला दिला असेल तर पावती घ्या, मालकाने तो १० वर्किंग डेजच्या आत जमा करायचा असतो, एजंटला थोडा जास्त वेळ मिळतो. जमा झाला की तुम्हाला बॉन्ड नंबर मिळतो. महिना-दोन महिने झाले आणि नंबर आलाच नाही तर फेअर ट्रेडिंगला १३ ३२ २० वर फोन करून विचारा. बॉन्ड घेऊन जमा न करणं हा इथे गुन्हा आहे, त्यामुळे विचारायला लाजू नका.

कंडिशन रिपोर्ट: बॉन्ड खरा इथेच वाचतो

घर सोडायच्या लेखात घरात शिरायच्या दिवसाचं काय सांगतोय असं वाटेल, पण बॉन्डची निम्मी लढाई त्याच आठवड्यात जिंकली किंवा हरली जाते. लीज करताना एजंट तुम्हाला कंडिशन रिपोर्ट देतो, त्यात प्रत्येक खोलीतल्या प्रत्येक वस्तूसमोर त्याने टिक केलेलं असतं, स्वच्छ, अनडॅमेज्ड, वर्किंग. तुम्ही घर बघून त्यात सहमत/असहमत लिहायचं आणि घरात आल्यापासून ७ दिवसांच्या आत एक कॉपी परत द्यायची. एक कॉपी स्वतःकडे.

आपण काय करतो, नवीन घर, सामान यायचंय, इंटरनेट नाही, मुलांची शाळा, सगळीकडे "येस येस" करून सही करून टाकतो. नका करू. एक संध्याकाळ काढा, फोनचा टॉर्च घ्या आणि जमिनीपासून छतापर्यंत बघा. ब्लाइंडची एखादी पट्टी वाकलीय, ओव्हनच्या दाराच्या आत ब्राऊन थर आहे, बाथरूमच्या सिलिकॉनमध्ये काळी बुरशी आहे, फ्लायस्क्रीनला भोक आहे, वॉर्डरोबचं दार रुळावरून उतरतंय, सगळं लिहा. "सम मार्क्स" असं मोघम नको, "दाराच्या डाव्या बाजूला, जमिनीपासून साधारण एक मीटरवर, पाच सेंटिमीटरचा ओरखडा" असं.

माझं स्वतःचं सांगतो. आमच्या पहिल्या युनिटमध्ये दुसऱ्या बेडरूममध्ये वॉर्डरोबला लागून कार्पेटवर इस्त्रीच्या टोकाचा एक छोटा त्रिकोणी डाग होता, फिकट तपकिरी, उभं राहून बघितला तर दिसायचाच नाही. ऑफिसातल्या एका मल्याळी बाईंनी मला बजावलं होतं की गुडघ्यावर बसून कार्पेट बघ, म्हणून मला तो दिसला. मी रिपोर्टमध्ये लिहिला, बाजूला एक डॉलरचं नाणं ठेवून फोटो काढला, म्हणजे डाग केवढा आहे ते कळतं, आणि तो फोटो त्याच दिवशी एजंटला ईमेल केला. तीन वर्षांनी घर सोडताना एजंटचा मेल आला, बर्न मार्क, कार्पेट पॅच करावं लागेल, ६४० डॉलर. मी जुना ईमेल फॉरवर्ड केला, रिपोर्टचं ते पान जोडलं, खाली एक ओळ लिहिली. दुसऱ्या दिवशी ती मागणी गायब. तो ईमेल नसता तर माझं कोणीच ऐकलं नसतं आणि एजंटचंही काही खोटं नव्हतं, त्याच्या टिकमार्कप्रमाणे ते कार्पेट चांगलंच होतं.

म्हणून फोटो फोनमध्येच ठेवू नका, फोन बदलतो, हरवतो. स्वतःला आणि एजंटला ईमेल करा, त्यावर तारीख राहते.

तुम्ही आता घर सोडायला आलाय आणि रिपोर्ट भरलाच नव्हता? ठीक आहे, सगळं संपलं असं नाही. घराची भाड्याची जुनी जाहिरात नेटवर अजून सापडते का बघा, तिचे फोटो उतरवून ठेवा. राहायला आल्यावर गावी आई-बाबांना व्हॉट्सॲपवर घराचे व्हिडिओ पाठवले असतील ते शोधा, खरंच सांगतो, एका मैत्रिणीच्या बाबतीत तोच व्हिडिओ कामाला आला, आईला किचन दाखवताना मागे बेंचटॉपचा तुटका कोपरा दिसत होता.

राहताना

काही बिघडलं की लेखी कळवा. बाथरूममधली बुरशी, गळका नळ, छतावर ओल. सिडनीत पावसाळी आठवडे आले की साउथला तोंड असलेल्या खोल्यांमध्ये बुरशी धरते, ती तुम्ही खिडक्या न उघडल्यामुळे आली असं नंतर म्हणतात. तुम्ही आधीच तीन ईमेल केले असतील की एक्झॉस्ट फॅन चालत नाहीये, तर तसं म्हणता येत नाही. फोनवर बोललात तरी नंतर दोन ओळींचा मेल टाका, "आज सकाळी बोलल्याप्रमाणे..."

भिंतीला खिळे, हुक विचारल्याशिवाय ठोकू नका. देवघरासाठी सुद्धा.

नोटीस द्यायची ती लेखी

लीजची मुदत संपते त्या दिवशी सोडायचं असेल तर किमान १४ दिवस आधी नोटीस. मुदत संपून गेली आहे आणि तुम्ही तसेच पुढे राहताय, म्हणजे पिरियॉडिक झालंय, तर २१ दिवस. एजंटला तोंडी सांगितलं म्हणजे नोटीस नाही. ईमेलने चालते का ते लीजमध्येच लिहिलेलं असतं, ईमेल ॲड्रेससमोर संमती दिलेली असते, ती बघा आणि त्याच ॲड्रेसवर पाठवा.

मुदतीआधी सोडायचं असेल तर ब्रेक फी लागते आणि ती ठरलेली आहे, तीन वर्षांपर्यंतच्या लीजला. पाव मुदतही झाली नसेल तर ४ आठवड्यांचं भाडं, पाव ते निम्मी झाली असेल तर ३, निम्मी ते पाऊण तर २, पाऊण मुदत होऊन गेली असेल तर १ आठवडा. वर्षाच्या लीजमधले ८ महिने झालेत, मग २ आठवड्यांचं भाडं, बस. नवीन भाडेकरू मिळेपर्यंत भाडं भरत राहा असं कोणी म्हणालं तर हा तक्ता दाखवा.

आणि एक, शेवटच्या चार आठवड्यांचं भाडं बॉन्डमधून वळतं करा असं म्हणून भाडं थांबवू नका. भारतात सर्रास करतात पण इथे ती थकबाकी धरली जाते आणि पुढच्या घराला रेफरन्स खराब जातो.

सफाई, आणि मुख्य म्हणजे आपलं किचन

कायदा म्हणतो घर साधारण तसंच परत द्यायचं जसं मिळालं होतं, वाजवी स्वच्छ, नेहमीच्या वापराची झीज सोडून. चकाचक नवीन करून द्यायचं असं कुठेही नाही. एजंट चाळीस मुद्द्यांची क्लीनिंग चेकलिस्ट पाठवतो, ती उपयोगी असते पण ती कायदा नव्हे. कार्पेट प्रोफेशनल स्टीम क्लीनच करून त्याची पावती द्या, अशी सरसकट अट न्यू साउथ वेल्समध्ये लीजमध्ये टाकता येत नाही, कुत्रा-मांजर पाळायची परवानगी घेतली असेल तर मात्र वेगळ्या अटी असू शकतात. पण कार्पेट खरंच मळलं असेल तर ते साफ करून घ्यायला लागणारच, तुम्ही भाड्याचं मशीन आणून घरी करा नाहीतर माणूस बोलवा.

आता आपलं. एजंट लोक इन्स्पेक्शनला आले की आपल्या घरात सगळ्यात आधी कुठे बघतात? शेगडीच्या वर. रेंजहूडच्या जाळ्या. रोजची फोडणी, आठवड्याची पोळ्यांची वाफ, दिवाळीचं तळण, दोन वर्षांत त्या जाळीवर मधासारखा चिकट पिवळा थर बसतो. मी पहिल्या घरात इथेच चुकलो. वरून पुसलं, जाळ्या काढायच्या असतात हेच माहीत नव्हतं, १८० डॉलर गेले आणि ते बरोबरच गेले. जाळ्या खटका दाबला की खाली येतात. सिंकमध्ये उकळतं पाणी, भांड्याचा साबण, वॉशिंग सोडा, अर्धा तास भिजवा, मग जुन्या टूथब्रशने घासा. फार जुन्या असतील तर घासत बसू नका, मॉडेल नंबर बघून बनिंग्जमध्ये, म्हणजे इथल्या हार्डवेअरच्या मोठ्या दुकानात, किंवा नेटवर फिल्टर विकत मिळतात, तेही तपासा.

शेगडीच्या मागची भिंत आणि वरच्या कपाटांची खालची बाजू. कपाटांचा माथा पण, स्टुलावर चढून बघा, तिथे तेल आणि धूळ मिळून लोकरीसारखं काहीतरी झालेलं असतं. भिंतीसाठी इथे शुगर सोप नावाचं द्रावण मिळतं, स्वस्त आहे, कोमट पाण्यात घालून स्पंजने खालून वर पुसायचं आणि मग साध्या पाण्याने परत पुसायचं. ते पांढरे स्पंज मिळतात ना डाग घालवायचे, ते रंगावर जोरात घासले तर रंगाची चमक बदलते, एका कोपऱ्यात आधी ट्राय करा.

हळदीचे डाग. पांढऱ्या बेंचटॉपवर फोडणीचा चमचा ठेवलेल्या जागी पिवळं वर्तुळ पडतं आणि मग घासघासून पृष्ठभाग जातो, डाग तसाच. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो हे आपल्या आज्या आपल्या साड्यांना करायच्या, तेच इथे. बेकिंग सोड्याची पेस्ट लावून दोनेक तास ठेवा, खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा उघडा ठेवा, दोन-तीन दिवस करा. म्हणून म्हणतो हे शेवटच्या दिवशीचं काम नाही.

ओव्हन आपण बऱ्याच घरी भांडी ठेवायलाच वापरतो, त्यामुळे तो सोपा जातो, पण खालचा ग्रिल ट्रे आणि दाराच्या दोन काचांमधली जागा बघा.

देवघराच्या वर भिंतीवर निरांजनाची काजळी असते, छतावरही गोल डाग पडतो अगरबत्तीचा. आधी कोरड्या स्पंजने, मग शुगर सोप, उलट केलंत तर काजळी पसरते. दाराच्या चौकटीला तोरणाचे चिकट हुक, गणपतीच्या मखराचा डबल साइड टेप, हे ओढून काढू नका, रंगाचा पापुद्रा निघतो. हेअर ड्रायरने गरम करा, हळूहळू सोलत काढा.

बाकी पटकन: सरकत्या खिडक्यांच्या खोबणी, लाइटच्या शेडमधले मेलेले किडे, ब्लाइंडच्या पट्ट्या, बाथरूमचा एक्झॉस्ट, बाल्कनीचा कोपरा, गॅरेजमधला तेलाचा डाग, लॉन असेल तर कापून घ्या.

सगळं स्वतः करायचं की बॉन्ड क्लीनिंगवाल्यांना द्यायचं? लहान बाळ असेल, नोकरी असेल तर द्या, जिवापेक्षा मोठं नाही. पण आधी विचारा की एजंटला काही आवडलं नाही तर परत फुकट येणार का आणि किती दिवसांत, ते मेसेजवर लिहून घ्या, आणि एबीएन, म्हणजे व्यवसायाचा नोंदणी नंबर, असलेलं बिल घ्या. रोख देऊन बिल नाही घेतलं तर नंतर दाखवायला काही राहत नाही.

दोन चुका लोक हमखास करतात. एक, वीज सामान हलवलं त्या दिवशीच बंद करतात आणि दुसऱ्या दिवशी क्लीनर येतो तेव्हा ना व्हॅक्यूम चालत ना गरम पाणी. किल्ल्या देईपर्यंत वीज चालू ठेवा. दुसरी, जुना सोफा, गादी बिल्डिंगच्या बाहेर ठेवून जातात. बऱ्याच काउन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकांमध्ये, असं मोठं सामान उचलून नेण्यासाठी क्लीन-अपचं आधी बुकिंग करावं लागतं आणि तारखा आठवडे-आठवडे मिळत नाहीत, त्यामुळे नोटीस दिली त्याच दिवशी बुक करा. नाहीतर दंडही होतो आणि ते उचलायचा खर्च बॉन्डमधून मागतात तो वेगळाच.

शेवटची पाहणी आणि किल्ल्या

घर रिकामं झालं, साफ झालं, की आधी तुम्ही फोटो काढा. आत शिरलात त्या दिवशी जिथून काढले होते तिथूनच, त्याच कोनातून, म्हणजे दोन्ही फोटो शेजारी ठेवता येतात. कपाटं, ड्रॉवर, ओव्हन उघडे ठेवून. नळ सोडून, लाइट लावून एक सलग व्हिडिओ.

मग फायनल इन्स्पेक्शन. तुम्हाला तिथे हजर राहायची संधी द्यायला पाहिजे, कायद्याप्रमाणे दोघांनी मिळून तो कंडिशन रिपोर्ट भरायचा असतो. एजंट म्हणतो आम्ही आमचं करून घेऊ, तुम्ही किल्ल्या ड्रॉप करा. नम्रपणे लिहा की मला हजर राहायचंय, वेळ कळवा. हजर असलात की एजंट म्हणतो इथे थोडं पुसायला हवं, तुम्ही तिथल्या तिथे पुसता, पाच मिनिटांत विषय संपतो, नसलात तर त्याच पाच मिनिटांचं तासाचं बिल येतं.

किल्ल्या सगळ्या द्या. घराची, बाल्कनीची, मेलबॉक्सची, गॅरेजचा रिमोट, बिल्डिंगचा स्वाइप. तुम्ही स्वतः बनवून घेतलेल्या डुप्लिकेट सुद्धा. टेबलावर मांडून एक फोटो काढा, दिल्या त्याची तारीख-वेळ लिहिलेली पोच घ्या, कारण किल्ल्या उशिरा मिळाल्या म्हणून त्या दिवसांचे पैसे मागतात.

आता क्लेम. थांबू नका, तुम्हीच टाका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. किल्ल्या दिल्या, घर सोडलं, की रेंटल बॉन्ड्स ऑनलाइनमध्ये लॉगिन करून तुम्ही स्वतः पूर्ण रकमेचा क्लेम टाकू शकता. एजंटची परवानगी लागत नाही. तुम्ही टाकलात की फेअर ट्रेडिंग एजंटला नोटीस पाठवतं, आणि त्याला पटत नसेल तर त्याने १४ दिवसांत एनकॅटमध्ये, म्हणजे असे वाद सोडवणाऱ्या इथल्या सरकारी ट्रिब्युनलमध्ये अर्ज करून तसं फेअर ट्रेडिंगला कळवायचं. त्याने काही केलं नाही तर पैसे तुमच्या खात्यात.

आणि उलटं झालं तर? एजंटने आधी क्लेम टाकला, समजा २,६०० पैकी ९०० आम्हाला, तर नोटीस तुम्हाला येते आणि १४ दिवसांत ट्रिब्युनलला जायचं काम तुमचं होतं. लक्षात येतंय ना? जो आधी टाकतो त्याला बसून राहता येतं, धावपळ दुसऱ्याला. एजंट बघतो बघतो म्हणतोय तेव्हा तुम्ही वाट बघायची काही गरज नाही. नाशिकच्या त्या मुलाने फोन ठेवल्यावर त्याच रात्री क्लेम टाकला, एजंटने पुढच्या १४ दिवसांत काहीच केलं नाही, आणि सगळे पैसे आले.

दोघांचं एकमत असेल तर अजूनच सोपं, एजंट क्लेम टाकतो, तुम्हाला मेल येतो, रक्कम बघून तुम्ही हो म्हणता, काही दिवसांत पैसे जमा. फक्त रक्कम नीट बघा. घाईत मोबाइलवर "ॲक्सेप्ट" दाबलं आणि मग कळलं ३०० कमी आहेत, असं झालंय लोकांचं. कोऱ्या क्लेम फॉर्मवर कधीही सही करू नका, शिरतानाही नाही आणि सोडतानाही नाही.

घर सोडायच्या आधीच लॉगिन करून ईमेल, मोबाइल आणि बँक खातं बरोबर आहे ना बघा. नोकरी बदलली आणि रजिस्टर्ड ईमेल जुन्या कंपनीचा असेल तर नोटीस तिकडे जाते आणि तुमचे १४ दिवस तुम्हाला न कळता संपतात. स्पॅम फोल्डरही बघत राहा.

पैसे कापायचे म्हणतायत तेव्हा

घाबरू नका आणि भांडूही नका, कागद मागा. तुमच्या संमतीशिवाय बॉन्डमधून पैसे मागणाऱ्या मालकाने ७ दिवसांच्या आत तुम्हाला फायनल रिपोर्टची कॉपी आणि खर्चाची कोटेशन, बिलं द्यायची असतात.

मग प्रत्येक मुद्दा वेगळा घ्या. चालून चालून कार्पेट पातळ होणं, उन्हाने पडदे विटणं, सोफ्याच्या पायांचे खड्डे, दाराच्या मुठीजवळ रंग झिजणं, ही नेहमीची झीज, फेअर वेअर अँड टेअर, याचे पैसे लागत नाहीत. भाजल्याचे डाग, भोकं, मुलांनी भिंतीवर काढलेली चित्रं, तुटलेलं फ्लायस्क्रीन, हे नुकसान. हे तुमच्या हातून झालं असेल तर सरळ मान्य करा, पण रक्कम वाजवी आहे का ते बघा. एका डागासाठी अख्ख्या खोलीचं नवीन कार्पेट मागतात. कार्पेटला वय असतं, इथलं करखातं भाड्याच्या घरातल्या कार्पेटचं आयुष्य ८ वर्षं धरतं, मग सात वर्षं जुन्या कार्पेटसाठी नव्याची पूर्ण किंमत कशी मागता? हा प्रश्न असाच्या असा ईमेलमध्ये विचारा. बहुतेक वेळा इथेच आकडा खाली येतो.

थकलेलं भाडं आणि वेगळं मीटर असेल तर पाण्याचं बिल, हे मात्र देणं लागतं. पाण्याच्या बिलाची कॉपी मागून मीटर रीडिंगची तारीख बघा, तुम्ही सोडल्यानंतरचे दिवस त्यात नकोत.

मधला मार्ग म्हणून थोडे पैसे सोडावेत का? ८०-१०० डॉलरची बाब असेल आणि चूक आपली असेल तर मी सोडतो. चूक आपली नसेल तर ५० सुद्धा सोडू नका, कारण तोच एजंट पुढच्या नवीन आलेल्या घराकडून तेवढेच कापणार.

ट्रिब्युनलला जायला लागलं तर

कोर्ट हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो. एनकॅट तसं नाहीये. अर्ज ऑनलाइन, फी थोडी, वकील सहसा नसतातच, आणायचा असेल तर परवानगी घ्यावी लागते. आधी दोघांना बोलवून तडजोड होतेय का बघतात, नाही झाली तर सुनावणी. नुकसान झालं हे दाखवायची जबाबदारी पैसे मागणाऱ्यावर असते. तुम्ही न्यायचं ते एवढंच: लीज, दोन्ही कंडिशन रिपोर्ट, तारखांसह फोटो, ईमेल, सफाईचं बिल, सगळं पानांना नंबर घालून. आवाज चढवू नका, "पान ६ वरचा फोटो बघा" असं बोला.

इंग्रजीत बोलायची भीती वाटत असेल तर अर्जातच दुभाषी मागा, ट्रिब्युनल तो फुकट देतं. एरवी सरकारी खात्यांशी बोलायला टीआयएस या दुभाषी सेवेचा १३१ ४५० नंबर आहे. आणि अर्ज करायच्या आधी तुमच्या भागातल्या टेनंट्स ॲडव्हाइस सर्व्हिसला फोन करा, सल्ला मोफत असतो, ही माणसं रोज हेच करतात. बॉन्ड आधीच एजंटला देऊन झाला असेल तरी तो दिल्यापासून ६ महिन्यांच्या आत अर्ज करता येतो.

शेअरिंगमध्ये राहणाऱ्यांसाठी

विद्यार्थी मंडळी, हे खास तुमच्यासाठी. हॅरिस पार्क, वेस्टमीडला एखाद्या खोलीसाठी कोणा ओळखीच्या माणसाला रोख बॉन्ड दिलात, कागद काहीच नाही, तर कायद्याचं फार थोडं संरक्षण मिळतं. आपलाच माणूस आहे म्हणून लेखी मागायला संकोच वाटतो, मला कळतं, पण एका पानावर नावं, रक्कम, तारीख, कधी परत देणार एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्या, आणि पैसे बँकेतून द्या.

लीजवर चौघांची नावं आहेत आणि एक जण सोडून जातोय, तर बॉन्डवरचं नाव बदलायचा वेगळा फॉर्म आहे, तो त्याच वेळी भरा. नाहीतर दोन वर्षांनी क्लेम करताना टोरांटोला गेलेल्या मित्राची संमती शोधत बसावं लागतं.

मेलबर्न आणि ब्रिस्बेनवाले

व्हिक्टोरियात (मेलबर्न) बॉन्ड आरटीबीए या तिथल्या सरकारी बॉन्ड खात्याकडे असतो, भाडं आठवड्याला ९०० डॉलरपर्यंत असेल तर जास्तीत जास्त एक महिन्याचा, आणि कंडिशन रिपोर्ट ५ बिझनेस डेजमध्ये परत द्यायचा, इथल्यापेक्षा कमी वेळ आहे, सांभाळा. क्वीन्सलंडात (ब्रिस्बेन) हेच काम आरटीए करतं, तिथे रिपोर्टला ७ दिवस. दोन्हीकडे तुम्ही स्वतः क्लेम टाकू शकता आणि समोरच्याला १४ दिवस मिळतात. सफाईचे आणि नोटिशीचे नियम मात्र वेगळे आहेत, त्या त्या राज्याच्या साइटवरून बघा.

कायमचे भारतात परत जाताय?

मग इथलं बँक खातं बॉन्ड जमा होईपर्यंत बंद करू नका, बॉन्ड इथल्याच खात्यात येतो. बँक निघायच्या आदल्या दिवशी खातं बंद करून देते आणि आपण एक काम संपलं म्हणून खूश होतो, मग पुण्यातून फॉर्म भरत बसावं लागतं. इथला मोबाइल नंबरही प्रीपेड करून दोनेक महिने चालू ठेवा, लॉगिनचा कोड त्यावर येतो. जमलं तर विमानाच्या तारखेच्या आठवडाभर आधी किल्ल्या द्या, ते दिवस मित्राकडे काढा, म्हणजे इन्स्पेक्शनला तुम्ही स्वतः उभे असाल आणि काही राहिलंच तर स्पंज घेऊन परत जाता येईल.